पिकअप लो करायचं २/३ इंची किट: अकरा महिने वापरल्यावर

किट बसवून अकरा महिने झाले, गाडी १४ हजार किलोमीटर चालली, म्हणून आता लिहितोय. बसवल्याच्या दुसऱ्या दिवशी लिहिलं असतं तर पाचपैकी पाच दिले असते, दोन महिन्यांनी लिहिलं असतं तर एक, तो पण वैतागून. आत्ता साडेतीन. कंपनीचं नाव टाकत नाहीये, भांडण नकोय मला, आणि तसंही जे प्रॉब्लेम आले त्यातले निम्मे माझ्या स्वतःच्या शहाणपणामुळे आले.

गाडी कोणती ते आधी सांगतो कारण या कामात सगळं त्यावरच आहे. जुनी छोटी पिकअप, ताकद मागच्या चाकांना, पुढे टॉर्शन बार (पिळून स्प्रिंगचं काम करणारी लांब सळई), मागे पाटे, पुढे डिस्क ब्रेक मागे ड्रम. जुनी निसान हार्डबॉडी, माझदाची बी२२००, टोयोटाच्या टू-व्हील ड्राइव्ह पिकअप, यांची सगळ्यांची पुढची मांडणी साधारण अशीच असते. शेवरोले एस-१० टू-व्हीलला पुढे कॉइल स्प्रिंग येतात आणि जुन्या फोर्ड रेंजरला १९९७ पर्यंत ते ट्विन आय-बीम, तिथे नुसती गाडी खाली घेतली की चाकांची वरची बाजू आत झुकते आणि त्याला वेगळे बीमच घालावे लागतात. त्या गाड्यावाल्यांनी माझं पुढच्या चाकांबद्दलचं वाचून काही ठरवू नका, मागचं मात्र बघा.

लो करायची कशाला, हा प्रश्न घरातल्या प्रत्येकाने विचारून झालाय. खरं कारण एकच, दिसायला. पिकअप रिकामी असली की मागून उचललेली असते, पाटे वजनासाठी बनवलेले असतात ना, त्यामुळे हौदा मोकळा असताना गाडी नाकावर पडल्यासारखी दिसते आणि मला ते दहा वर्षं खुपत होतं. मागे ३ इंच आणि पुढे २ इंच असं किट त्यासाठीच असतं, मागचं जास्त उतरतं आणि गाडी सपाट दिसते. दुसरा फायदा हौद्यात सामान चढवताना कंबर वाचते, पण हे कारण मी घरच्यांना सांगायला शोधलेलं.

खोक्यात काय आलं: दोन ड्रॉप स्पिंडल (पुढचं चाक ज्यावर बसतं तो भाग), दोन ॲल्युमिनियमचे ३ इंची ठोकळे, चार यू-बोल्ट नट-वायसर सकट, मागचे दोन आखूड शॉकअप, आणि एक कागद ज्यावर झेरॉक्सची झेरॉक्स काढलेले फोटो होते, त्यात काळ्या डागावर काळा बाण दाखवलाय. स्पिंडलला रंग नावालाच, दोन महिन्यांत गंज दिसायला लागला. कास्टिंग आहे, वरवरच्या गंजाने लगेच काही होत नाही, पण बसवायच्या आधी घरी एक हात मारून घ्या, नंतर हात पोचत नाही. मशिनिंग मात्र चांगलं होतं, बेअरिंग दोन्ही बाजूंना अंगठ्याने सरकवलं तरी बरोबर जागी जाऊन बसलं आणि यासाठी मी पूर्ण मार्क देतो.

आता मुद्द्याची गोष्ट. टॉर्शन बारची गाडी पुढून लो करायला खरं तर काहीच विकत घ्यावं लागत नाही. बारच्या मागच्या टोकाला जो ॲडजस्टिंग बोल्ट असतो तो पान्याने सैल केला की गाडी खाली येते, दहा मिनिटांचं काम. माझा भाचा हेच म्हणत होता, "मामा, एक बोल्ट फिरवायचा तर तू एवढं खोकं कशाला मागवलंस?" बरोबर प्रश्न आहे. उत्तर असं की बोल्ट सैल करून तुम्ही उंची घालवता आणि तिच्याबरोबर ट्रॅव्हल, म्हणजे चाकाला वर-खाली हलायची जागा, पण घालवता. आर्म, म्हणजे चाकाला चासीशी जोडणारा दांडा, वर सरकून बसतो, वरच्या रबरी ठोकळ्याच्या, म्हणजे बम्प स्टॉपच्या, जवळ जातो, आणि मग लहानशा खड्ड्यात पण आर्म जाऊन त्याच्यावर आदळतो. लोकांना वाटतं बार सैल केला म्हणजे सस्पेन्शन मऊ होणार. होत नाही. बारचा कडकपणा त्याच्या जाडीवर आणि लांबीवर ठरतो, तुम्ही तो कुठून सुरू करताय एवढंच बदलता. मऊ तर होतच नाही, उलट रबरी ठोकळ्यावर बसल्यामुळे बैलगाडीसारखी धडधडते आणि माणूस शॉकअप बदलत बसतो.

ड्रॉप स्पिंडलमध्ये चाक ज्याच्यावर बसतं तो दांडाच २ इंच वर सरकवलेला असतो. आर्म जिथे होते तिथेच राहतात, बॉल जॉइंटचा कोन तोच, टाय रॉडचा (स्टिअरिंगकडून चाक वळवणारी सळई) कोन तोच, शॉकअप तोच, बम्प स्टॉपपर्यंतचं अंतर तेच, फक्त अख्खी गाडी चाकाच्या मानाने २ इंच खाली. पैसे जातात ते या ट्रॅव्हलसाठी. आणि किटचा हा भाग मला अजूनही शंभर टक्के पटलेला आहे, पुढून गाडी लो आहे हे चालवताना कळत पण नाही.

बसवायला दोघांना पूर्ण दोन दिवस लागले, त्यातला पहिला अख्खा दिवस जुने बॉल जॉइंट सोडवण्यात गेला. ते दोन दातांचं काट्यासारखं हत्यार आत ठोकू नका, बॉल जॉइंटचं रबर फाटतं आणि मग नवीन बॉल जॉइंट घ्यावा लागतो. नट पूर्ण काढायचा नाही, दोन आटे धरून ठेवायचा आणि स्पिंडलच्या ज्या डोळ्यात तो शंकू बसलेला असतो त्या डोळ्याच्या बाजूवर मोठ्या हातोड्याने दोन-चार नीट घाव द्यायचे, तो आपोआप सुटतो, आवाज पण वेगळा येतो तेव्हा. खालच्या आर्मखाली जॅक पाहिजेच आणि आधी टॉर्शन बार सैल करून घ्यायचा, त्यात साठलेली ताकद गंमत नाहीये. सैल करायच्या आधी बोल्टचे किती आटे बाहेर दिसतायत ते मोजून, खडूने लिहून ठेवा. बार पूर्ण बाहेर काढणार असाल तर डावा-उजवा अदलाबदल करू नका, त्यांना एका दिशेचा पीळ दिलेला असतो आणि टोकाला खूण असते. कॅलिपर काढला की तारेने वर बांधून ठेवा, ब्रेकच्या पाइपवर लटकवू नका, हे भाच्याला तीनदा सांगितलं आणि तिसऱ्यांदा मीच विसरलो.

बेअरिंग नवीन ग्रीस भरून घातले, सील नवीन. नट घट्ट करताना डिस्क फिरवत राहायची, मग नट मागे घ्यायचा, मग हलक्या हाताने परत लावायचा आणि नवीन स्प्लिट पिन. काही दिवसांनी चाक उचलून हलवून परत बघितलं, डावीकडे थोडं ढिलं निघालं. हे बघाच.

पुढे एकच भानगड झाली आणि ती कागदावर कुठेच लिहिलेली नव्हती. चाक वर गेलं म्हणजे बॉल जॉइंट आणि टाय रॉड एंड चाकाच्या मानाने खाली गेले, रिमच्या आतल्या गोलाईच्या जवळ. माझ्या गाडीला १४ इंची रिम. हाताने फिरवलं तेव्हा सगळं मोकळं, बोट जेमतेम जात होतं पण जात होतं. रस्त्यावर काढली तर खर्रर्र. बॅलन्सिंगची वजनं रिमच्या आत चिकटवलेली होती, ती बरोबर टाय रॉड एंडला घासून सोलून निघाली, आणि मग स्टिअरिंग थरथरायला लागलं म्हणून मी आधी बेअरिंगवर संशय घेतला. वजनं दुसऱ्या जागी लावून घेतली, संपला विषय. पण किटवाल्याने १४ इंची रिमबद्दल एक ओळ लिहायला काय जात होतं? १५ इंचीवाल्यांना हा त्रास बहुतेक होणार नाही.

मागचं काम. इथे नीट लक्ष द्या कारण चुकीचे ठोकळे घेणारे लोक मी बघितलेत. आधी गाडीखाली वाकून बघायचं की पाटे हाउसिंगच्या, म्हणजे मागच्या ॲक्सलच्या नळीच्या, वर आहेत का खाली. पाटा खाली आणि हाउसिंग त्याच्यावर बसलेलं असेल, माझ्यासारखं, तर दोघांच्या मधे ठोकळा टाकला की हाउसिंग चासीकडे सरकतं आणि गाडी खाली येते. पाटा हाउसिंगच्या वर असेल तर तोच ठोकळा टाकल्यावर गाडी वर जाते! एका ओळखीच्याने दोन तास घाम गाळून गाडी जॅकवरून उतरवली तर ती ३ इंच उंच झालेली. तशा गाडीला फ्लिप किट लागतं, त्यात हाउसिंग उचलून पाट्याच्या वर बसवतात, आणि ते एका झटक्यात पाच-सहा इंच उतरवतं, मग चासीला कमानीसारखा कट मारून मजबुती द्यावी लागते नाहीतर हाउसिंग चासीवर आदळतं. ते वेगळंच प्रकरण आहे, चांगला वेल्डर नसेल तर हात घालू नका.

पाटे काढून लो करणारे पण असतात, एक-दोन पाने कमी करायची. गाडी खाली येते, पण वजन उचलायची ताकद पण गेली, मग पिकअप कशाला ठेवायची. शॅकल, म्हणजे पाट्याचं एक टोक चासीला टांगणारी कडी, बदलून पण होतं, पण शॅकलमध्ये २ इंचाचा फरक केला तर हाउसिंगपाशी साधारण १ इंचच मिळतो, कारण पाट्याचं एकच टोक हललेलं असतं, आणि हाउसिंग थोडं गोल पण फिरतं. सपाट ठोकळ्यात ही भानगड नाही.

यू-बोल्ट नवीनच वापरायचे, जुने परत लावायचे नाहीत, त्यांचे आटे ताणलेले असतात. किटमध्ये नवीन होते हे चांगलं पण गरजेपेक्षा जवळपास २ इंच लांब. आता पाटा हाउसिंगच्या खाली आहे, त्यात ३ इंचाचा ठोकळा, म्हणजे पाटा आणि त्याच्याखालची प्लेट जमिनीच्या ३ इंच जवळ गेली, आणि त्याच्याखाली ही लांबच लांब बोल्टची शेपटं. नियम सोपा आहे, टायर पूर्ण बसला आणि गाडी रिमवर आली तरी रिमच्या खालच्या कडेच्या खाली काहीही लटकता कामा नये, नाहीतर पंक्चर झाल्यावर ते रस्त्यात रुतणार. पुढच्या रिमपासून मागच्या रिमपर्यंत दोरी ताणून बघितली तर बोल्टची टोकं दोरीच्या खाली. कापले, कापलेल्या जागी रंग लावला, मग प्लेट दोरीच्या वर आली, बोटभर. याच्यापेक्षा मोठा ठोकळा या गाडीला मी कधीच घालणार नाही.

अजून एक, पाट्याच्या डोळ्यातले आणि शॅकलचे बोल्ट सैल केले असतील तर शेवटचं घट्ट करणं गाडी चाकांवर उभी असताना करायचं, जॅकवर असताना नाही. नाहीतर रबरी बुश पिळलेल्या अवस्थेत राहतात आणि लवकर फाटतात.

आता आखूड शॉकअपची कहाणी, ज्याच्यासाठी मी एक अख्खा मार्क कापलाय. गाडी रस्त्यावर आली, दिसायला एक नंबर, मी शंभर फोटो काढले. पण गतिरोधकावरून मागची चाकं उतरली की ठक्. दर वेळी. मला वाटलं बम्प स्टॉपवर आदळतंय, म्हणून मी रबरं बदलून बुटकी घातली, तरी ठक्. मिस्त्रीने सांगितलं बुश गेले, बुश बदलले, तरी ठक्. शेवटी भाचा हौद्यात उड्या मारायला आणि मी खाली झोपून बघायला, तेव्हा दिसलं की आवाज दबताना येत नाहीये, उठताना येतोय. शॉकअप पूर्ण उघडून त्याची लांबी संपत होती.

आणि मग डोक्यात प्रकाश पडला. माझ्या गाडीत मागच्या शॉकअपचं खालचं टोक हाउसिंगवर नाही, यू-बोल्टच्या प्लेटवर आहे. ठोकळा टाकल्यावर हाउसिंग चासीच्या जवळ गेलं, पण पाटा आणि प्लेट? ते चासीच्या मानाने होते तिथेच आहेत! पाट्याची कमान बदललीच नाही. म्हणजे शॉकअपची लांबी जेवढी आधी लागत होती तेवढीच आत्ता लागते, आखूड शॉकअपची गरजच नव्हती. ज्यांच्या गाडीत ते टोक हाउसिंगच्या ब्रॅकेटवर असतं त्यांनाच आखूड लागतात. जुने शॉकअप परत लावले, त्या दिवसापासून ठक् बंद. किटवाल्याला लिहिलं तर उत्तर आलं की किट अनेक मॉडेलना कॉमन आहे. असेल, पण मग तसं खोक्यावर लिहा ना, माझे दोन महिने आणि एक जोडी बुश गेले त्यात.

पुढची चूक माझी. कुठेतरी वाचलं होतं की मागून लो केलं की पिनियनचा, म्हणजे डिफरन्शियलच्या ज्या टोकाला प्रोपेलर शाफ्ट जोडतो त्याचा, कोन बिघडतो म्हणून २ डिग्रीची पाचर घालायचीच. घातली. ६० च्या पुढे गाडीत बसल्या जागी गुदगुल्या, ८० ला आरसा दिसेनासा. प्रोपेलर शाफ्टचा हिशोब असा की गिअरबॉक्सचं मागचं टोक आणि डिफरन्शियलचं पिनियन हे दोघं एकमेकांना समांतर पाहिजेत, म्हणजे दोन्ही जॉइंटचे कोन सारखे होतात आणि एकाचा झटका दुसरा मारतो. सपाट ठोकळा टाकला की हाउसिंग सरळ वर जातं, फिरत नाही, त्यामुळे ते आधी समांतर असेल तर नंतर पण समांतरच राहतं. मी पाचर घालून चांगलं चाललेलं बिघडवलं. पाचर काढली, थरथर गेली. मोबाइलमधल्या कोन मोजायच्या ॲपने पण अंदाज येतो, आधी मोजा मग पाचर घाला, माझ्यासारखं उलटं करू नका. शाफ्ट वर कुठे घासत तर नाही ना ते मात्र बघा, तीन इंच वर आलेला असतो तो.

आता ब्रेक, आणि हे सगळ्यात महत्त्वाचं असूनही किटच्या कागदावर एक अक्षर नव्हतं. बऱ्याच पिकअपमध्ये चासीवर एक व्हॉल्व्ह असतो आणि त्याच्यातून एक बारीक दांडी किंवा स्प्रिंग हाउसिंगपर्यंत जाते. हौद्यात वजन पडलं की हाउसिंग आणि चासी जवळ येतात, दांडी व्हॉल्व्हला सांगते की माल भरलाय, आणि व्हॉल्व्ह मागच्या ब्रेकला जास्त प्रेशर सोडतो. रिकामी असताना कमी सोडतो कारण मागे वजनच नसतं. आता तुम्ही ठोकळे टाकून हाउसिंग कायमचं ३ इंच जवळ आणलं. बिचाऱ्या व्हॉल्व्हला वाटतं गाडी कायम भरलेलीच आहे. मला हे कळलं ते ओल्या रस्त्यावर, रिकाम्या गाडीत, अगदी साधा ब्रेक मारला तर मागची चाकं जाम आणि गाडीचा मागचा भाग उजवीकडे निघाला. समोर कोणी नव्हतं म्हणून वाचलो. घरी येऊन बघितलं तर ती दांडी पार वर उचललेली. हाउसिंगकडचं तिचं ब्रॅकेट तेवढंच खाली आणून दांडी मूळच्या कोनात बसवली, आणि मग मोकळ्या जागेत हळू स्पीडला ब्रेक मारून मारून बघितलं, आता पुढची चाकं आधी धरतात. हे काम स्वतःला जमत नसेल तर ब्रेकचं काम कळणाऱ्याकडूनच करून घ्या, अंदाजाने वाकवू नका. खरं तर किट विकणाऱ्याने ते ब्रॅकेटच खोक्यात द्यायला पाहिजे, दोन भोकांची पट्टी आहे ती.

हेडलाइटचं पण तसंच. गाडी खाली आली म्हणजे लाइट खाली जाणार असं वाटतं, पण मागचं जास्त उतरलं म्हणून नाक त्या मानाने वर झालं आणि उजेड समोरच्याच्या डोळ्यात. पहिल्या रात्री सगळे मला डिपर मारत होते आणि मला वाटलं गाडीला दाद देतायत.

अलाइनमेंट लगेच करू नका. आधी थोडे दिवस चालवा, सगळं जागेवर बसू द्या, मग करा. उंची मोजताना जमिनीपासून नाही, चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंत मोजायची, हवा कमी-जास्त असली तरी आकडा हलत नाही. माझं स्पिंडलनंतर कॅम्बर (चाकाचा वरून आत-बाहेर झुकाव) जवळपास होता तसाच निघाला, टो (पुढची चाकं समोरून किती आत-बाहेर वळलेली आहेत ते) थोडा सुधारला, बस. मग चौथ्या महिन्यात मला किडा चावला. पुढून अजून थोडी खाली हवी असं वाटलं आणि मी बार सैल करून पाऊण इंच उतरवली, तेच जे मी वर करू नका म्हणून सांगितलंय. दिसली भारी. तीन हजार किलोमीटरमध्ये पुढच्या टायरची आतली कड गुळगुळीत झाली कारण कॅम्बर निगेटिव्ह गेला, टो बिघडला आणि मी अलाइनमेंट करायचा आळस केला. शिवाय वळणावर गाडी आधीपेक्षा जास्त कलल्यासारखी वाटायला लागली, जे उलटं वाटतं ऐकायला. पण आर्मचे कोन बदलले की गाडी ज्या बिंदूभोवती कलते तो बिंदू गाडीपेक्षा जास्त खाली जातो, म्हणजे उंची कमी होऊनसुद्धा कल वाढू शकतो. खडूने लिहिलेले आटे कामाला आले, बोल्ट परत होता तिथे.

रोजचं चालवणं आता कसं आहे तर, पुढून आधीसारखंच, मागून थोडं कडक. हायवेला बाजूने मोठा ट्रक गेला की आधी जो धक्का बसायचा तो कमी झालाय. वळणात गाडी जास्त विश्वासाची वाटते. मायलेजमध्ये मला तरी काही फरक दिसला नाही. पुढच्या क्रॉसमेंबरखाली आधी १९ सेंटीमीटर होते, आता १४, आणि हे आकडे मला तोंडपाठ झालेत कारण प्रत्येक उतार-चढावाला मनात हिशोब चालतो. डिफरन्शियलची उंची तेवढीच आहे, ती टायरवर असते. जॅक मात्र आत जात नाही, आधी फळीवर चाक चढवायचं मग जॅक सरकवायचा, ती फळी आता कायम हौद्यात असते.

माल नेण्याचं खरं सांगतो. आधी हाउसिंग आणि रबरामधे साडेचार इंच होते, ठोकळ्यानंतर दीड राहिले, बुटकी रबरं घालून अडीच झाले. ती ठक् साठी घातलेली रबरं चुकून अशी कामाला आली. दोनशे किलोपर्यंत ठीक जाते. एकदा सिमेंटच्या दहा गोण्या, म्हणजे पाचशे किलो, नेल्या तर प्रत्येक सांध्यावर रबर आदळत होतं आणि पुढचे लाइट झाडांच्या शेंड्यावर. ज्यांची पिकअप रोज माल वाहते त्यांनी हे किट घेऊच नका, तुमची गाडी रिकामी नाकावर दिसते ते कामाचं लक्षण आहे. आणि गाडीत असा बदल चालतो का ते तुमच्याकडचे नियम आणि विमावाला यांना आधी विचारून घ्या, मी विमावाल्याला नंतर सांगितलं आणि फुकटचं बोलून घेतलं.

मार्कांचा हिशोब विचाराल तर स्पिंडलला साडेचार, रंगाचा अर्धा कापून. ठोकळे चांगले, सपाट आहेत, मधली पिन घट्ट बसते, दर महिन्याला यू-बोल्ट तपासतो आणि दुसऱ्या महिन्यानंतर एकदाही ढिले सापडले नाहीत. कागदाला शून्य. पुढच्या वेळी घ्यायचं झालं तर मी अख्खं किट न घेता स्पिंडल, ठोकळे आणि मोजून बनवलेले यू-बोल्ट सुटे घेईन, आणि ऑर्डर द्यायच्या आधी गाडीखाली झोपून तीन गोष्टी बघीन: पाटा वर का खाली, शॉकअपचं टोक कशावर, ब्रेकची दांडी कुठे.

ते दोन आखूड शॉकअप घरी पडून आहेत, दोन महिने वापरलेले, तेल गळत नाही. भाचा परवा विचारत होता घेऊ का म्हणून, त्याला म्हटलं आधी तुझ्या गाडीखाली झोपून ये.